मारवाडच्या उन्हात शेळ्या आणि कोंबड्या: परसात काय जमतं, काय नाही

लातूरहून जोधपूरला राहायला आलेल्या एका ताईंचा प्रश्न आहे. यजमानांची सोलर प्रकल्पावर नोकरी, शहराबाहेर भाड्याचं घर, मागे भिंत घातलेलं चार गुंठ्यांचं आवार आणि त्यात एक मोठा कडुनिंब. माहेरी शेळ्या-कोंबड्या होत्या, म्हणून इथेही तीन शेळ्या आणि दहा-बारा कोंबड्या ठेवायची इच्छा आहे. शेजारी म्हणतात, मे महिन्यात कोंबड्या पटापट मरतील. त्या विचारतात: हे खरं आहे का? गावाकडून उस्मानाबादी शेळ्या आणाव्यात का? दोन्ही एकाच गोठ्यात चालतील का? आणि मेच्या सुट्टीत गावी गेलो तर मागे काय करायचं?

ताई, शेजाऱ्यांचं म्हणणं कोंबड्यांच्या बाबतीत खरं ठरू शकतं, शेळ्यांच्या बाबतीत नाही. मी मूळची सोलापूरकडची, पशुवैद्यक म्हणून या भागात बरीच वर्षं काम करते, आणि परसात जनावरं पाळू पाहणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यांदा हेच सांगते: शेळी इथलीच आहे, कोंबडी इथे पाहुणी आहे. शेळीला सावली, पाणी आणि साठवलेला चारा दिला की ती उन्हाळा काढते. कोंबडीचा मे-जूनमधला प्रत्येक दिवस मात्र आपल्याला हाताने पार पाडावा लागतो. म्हणून सुरुवात शेळ्यांपासून करा. पाऊस ओसरला की, सप्टेंबरमध्ये शेळ्या आणा. कोंबड्या ऑक्टोबरात, आणि तेव्हाही एक दिवसाची पिल्लं न घेता दोन-अडीच महिन्यांच्या तलंगा घ्या. त्यांना हिवाळा आणि फाल्गुन-चैत्र मिळतो, ऊन हळूहळू चढतं आणि शरीर त्याला सरावतं. मार्चअखेरीला आणलेली कोंबडी मेमध्ये मरते, तिचा दोष नसतो.

उस्मानाबादी आणू नका. शेळी उत्तम आहे, जुळी देते, मराठवाड्याचा दुष्काळ पचवते. पण ट्रकमधून दोन-तीन दिवसांचा प्रवास, वेगळं पाणी, वेगळा पाला आणि नवे आजार हे सगळं एकदम तिच्यावर पडतं. इथल्या जाती इथेच मिळतात. काळी, लांब केसांची मारवाडी शेळी सगळ्यांत काटक, पण तिला फिरायला लागतं. तुमच्या वस्तीतून सकाळी कुणी गुराखी शेळ्या रानात नेत असेल तर मारवाडी घ्या. आवारातच बांधून ठेवायच्या असतील तर तपकिरी ठिपक्यांची सिरोही किंवा लहान चणीची बारबरी बरी. बारबरी मूळची उत्तर प्रदेशातली, बंदिस्त जागेत रमणारी. दुधाची अपेक्षा मात्र माफक ठेवा. वेतानंतर पहिले दोन-तीन महिने दिवसाला पाऊण ते एक लिटर मिळालं तरी घरच्या चहाची आणि मुलांची सोय होते.

आता चारा, कारण शेळीचं इथलं सगळं गणित चाऱ्याच्या साठ्यावर आहे. तीस किलोची शेळी दिवसाला साधारण एक ते सव्वा किलो सुका चारा खाते. रानात हिरवं काही उरत नाही तो काळ फेब्रुवारी ते जुलै. तीन शेळ्यांचा सहा महिन्यांचा हिशेब सहा-सात क्विंटलवर जातो. हा चारा नोव्हेंबर-डिसेंबरात भरून ठेवायचा, तेव्हा तो मुबलक असतो. एप्रिलमध्ये शोधायला निघालात तर भाव ऐकून परत याल, आणि मिळेल तोही धूळ-मातीचा.

इथला मुख्य चारा म्हणजे खेजडीचा वाळलेला पाला. खेजडी म्हणजे आपली शमी, राजस्थानचा राज्यवृक्ष. हिवाळ्यात शेतकरी तिच्या फांद्या छाटतात, पाला वाळवतात, त्याला इथे लूंग म्हणतात. झुडपी बोरीचा वाळलेला पाला तसाच विकला जातो, शेळ्या तो लूंगपेक्षाही आवडीने खातात. त्याच्या जोडीला गवारीचा आणि मटकीचा भुसा. मटकीला इथे मोठ म्हणतात, बाजारात मोठ-चारा म्हणूनच मागा. लूंगमध्ये प्रथिनं चांगली असतात, पण तुरटपणामुळे ती सगळी अंगी लागत नाहीत, म्हणून नुसत्या लूंगवर शेळी ठेवू नये. अर्धा लूंग किंवा बोरीचा पाला आणि अर्धा भुसा, दुभत्या किंवा गाभण शेळीला वरून दोन-तीन मुठी भिजवलेली गवार-चुरी किंवा बाजरीचा भरडा, असं चालू द्या. जोधपूरच्या काझरीने, म्हणजे १९५९ पासून इथे काम करणाऱ्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने, जनावरांचं खाद्य उन्हावर शिजवायची साधी सौरचूल तयार केली आहे. तिथे जाऊन ती बघा. ऊन फुकट आहे आणि शिजवलेली गवार शेळीला चांगली पचते.

एक गोष्ट नाजूक आहे. आवाराबाहेरच्या खेजडीची डहाळी स्वतःहून तोडू नका, शेळीसाठीसुद्धा नाही. जोधपूरजवळच्या खेजडली गावात १७३० साली खेजडीची झाडं वाचवताना ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिले. ती आठवण इथे आजही जिवंत आहे. पाला शेतकऱ्याकडून विकत घ्या, तो कोणती फांदी कधी छाटायची हे जाणतो.

रस्त्याकडेच्या विलायती बाभळीच्या वाळक्या शेंगा गोड असतात, शेळ्या त्यावर तुटून पडतात. थोड्या चालतात. पोटभर खाल्ल्या तर पोट बिघडतं, आणि बिया लेंड्यांतून अख्ख्या बाहेर पडून तुमच्या आवारात काटेरी रोपं उगवतात.

शेळ्यांना इथे उन्हापेक्षा जास्त धोका माणसांच्या मायेचा आहे. राजस्थानात दारात आलेल्या गाईला, शेळीला पोळी घालणं पुण्याचं मानतात. लग्नसराईत उरलेल्या पुऱ्या, लापशी, हलवा, मळलेल्या कणकेचे गोळे सगळं कुंपणावरून आत येतं. शेळीच्या पोटातले जिवाणू पाल्यावर चालणारे. त्यांच्यावर एकदम किलोभर पीठ किंवा शिजलेलं धान्य पडलं की पोटात आम्ल तयार होतं, शेळी दात खाते, पातळ हगते, डावी कूस फुगते आणि एका रात्रीत जाऊ शकते. माझ्याकडे लग्नाच्या तिथींनंतर येणाऱ्या शेळ्यांत हीच तक्रार जास्त असते. शेजारणींना आधीच, गोडीत सांगून ठेवा: काकी, पोळी घालायची तर अर्धीच घाला, भाजीचे देठ मात्र कितीही टाका. लोक ऐकतात. दुसरी भीती कण्हेरीची. नव्या वसाहतींत ती शोभेसाठी सर्रास लावतात आणि माळी छाटलेल्या फांद्या भिंतीपलीकडे फेकतो. कण्हेरीची मूठभर पानंही शेळीला पुरेशी विषारी आहेत. रोज सकाळी शेळ्या सोडण्याआधी भिंतीच्या कडेने एक फेरी मारायची सवय लावून घ्या.

आता पाण्याकडे येते, कारण कोंबड्यांचा विषय पाण्याशिवाय सुरूच होत नाही. इथलं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी खारट आहे, त्यात फ्लोराइडही असतं. शेळी बऱ्यापैकी खारं पाणी पचवते. कोंबडीला ते सोसत नाही. पाण्यातले क्षार लिटरला ३००० मिलिग्रॅमच्या वर गेले की विष्ठा पातळ होते, खुराड्यात ओल राहते. ५००० च्या वर ते पाणी कोंबडीला देऊच नये. बोअरचं पाणी एकदा तपासून घ्या. नळाचं किंवा टाक्यातलं पाणी मिळत असेल तर ते कोंबड्यांना आणि करडांना, बोअरचं मोठ्या शेळ्यांना, अशी वाटणी करा. टाका म्हणजे पावसाचं पाणी साठवायची इथली जमिनीखालची गोल टाकी. तुमच्या घरमालकाकडे असेल तर तुम्ही नशीबवान.

मे महिन्यात एक कोंबडी दिवसाला अर्ध्या लिटरपर्यंत पाणी पिते, म्हणजे इतर वेळच्या दुप्पट. शेळीला पाच-सात लिटर लागतात, दुभतीला आणखी. आकडा मोठा नाही. पण दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून नळाला येणारं पाणी हाताला चटका देतं, आणि कोंबडी गरम पाणी पीत नाही. भांडं भरलेलं असतं, कोंबडी त्याच्या शेजारी तहानेने मरते. म्हणून रात्री माठ भरून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच माठातलं पाणी द्या. मातीची पसरट परळं घ्या, प्लास्टिक नको. दोन-तीन ठिकाणी, पूर्ण सावलीत ठेवा. दुपारी बारा आणि तीनला ओतून पुन्हा भरा. ओतलेलं पाणी वाया जात नाही, ते कुठे जातं ते पुढे सांगते.

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या पुढे असतं आणि उष्णता बाहेर टाकायला तिच्याकडे धाप हा मुख्य मार्ग आहे. जोधपूरला मे महिन्यात ४४-४५ अंश होतात. इथून उत्तरेला फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंश नोंदले गेले. हवा अंगापेक्षा गरम झाली की नुसता पंखा लावून उपयोग नसतो, तो भट्टीतली हवा अंगावर फेकतो. पण इथली हवा कोरडी आहे, आणि हाच आपला आधार. ओल्या गोणपाटातून किंवा वाळ्याच्या ताटीतून आलेली लू, म्हणजे इथला उन्हाळ्यातला गरम वारा, कितीतरी गार होऊन आत शिरते. मुंबई-कोकणच्या दमट उन्हाळ्यात ही युक्ती चालत नाही, इथे चालते. खुराड्याच्या पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या बाजूला, जिकडून लू येते तिकडे, गोणपाटाचा पडदा जाळीपासून हातभर अंतरावर बाहेर टांगा. अकरापासून पाचपर्यंत तो ओला राहिला पाहिजे. वर छिद्रं पाडलेली प्लास्टिकची नळी टाकून माठातून थेंब-थेंब पाणी सोडलं तर पुन्हा पुन्हा उठावं लागत नाही. समोरची बाजू उघडी ठेवा, नाहीतर आत वाफ कोंडते. जुलैमध्ये ढग आले, हवा दमट झाली की पडदा काढून टाका. त्या दिवसांत तो उलट त्रास देतो आणि तेव्हा पंखाच कामी येतो.

छप्पर पत्र्याचं असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करा. इथल्या ढाण्यांवरचे, म्हणजे शेतातल्या वस्त्यांवरचे, जुने झोपे बघा: गोल मातीची भिंत, वर खींप आणि सणिया या इथल्या रानझुडपांच्या काड्यांचं जाड शाकारलेलं छप्पर. कूलर नसताना माणसं त्यात दुपार काढत आली आहेत. तुम्ही खुराडं तसंच शाकारून घेऊ शकता, गावात करणारे मिळतात. नाहीतर पत्र्यावर वीतभर बाजरीचं सरमाड दाबून बांधा आणि त्यावर काटक्या ठेवा, म्हणजे आंधीत उडणार नाही. सिमेंटचं छप्पर असेल तर मार्चमध्ये चुन्याचे दोन हात द्या. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम असावी, उंची किमान आठ फूट, दोन्ही लांब बाजूंना जाळी. बारा कोंबड्यांना साठ चौरस फूट द्या. थंड प्रदेशासाठी लिहिलेले जागेचे आकडे याहून कमी असतात, ते इथे लावू नका.

दिवसा मात्र त्या खुराड्यात बसणारच नाहीत, त्या तुमच्या कडुनिंबाखाली जातील. बुंध्याजवळ चार-पाच फुटांचा मातीचा चौकोन फावड्याने भुसभुशीत करा आणि परळातलं ओतलेलं पाणी तिथे घाला. दुपारी बघा काय होतं: कोंबडी पायाने वरचा गरम थर बाजूला सारते, खालच्या गार ओलसर मातीत पोट टेकते, पंख अर्धवट पसरते आणि डोळे मिटून घेते. पोटाखालचं पिसं कमी असलेलं कातडं मातीला टेकलं की अंगातला ताप मातीत उतरतो. कूलर बंद पडला, वीज गेली तरी हा चौकोन काम करत राहतो.

खाण्याची वेळ बदलली तर अर्धी लढाई जिंकली. खाल्लेलं पचताना अंगात उष्णता तयार होते आणि ती चार-सहा तासांनी सर्वांत जास्त असते. सकाळी नऊला पोटभर खाल्लेली कोंबडी दुपारी दोनच्या उन्हात आतूनही तापते. म्हणून मे-जूनमध्ये पहाटे साडेचारला दिवा लावून खाद्य द्या, आठच्या आत भांडी उचला आणि पुन्हा संध्याकाळी सहानंतर द्या. मधल्या वेळात फक्त पाणी आणि थोडं कलिंगडाचं साल किंवा काकडी. अंडी देणाऱ्या कोंबड्यांना लेयरचं तयार खाद्य आणि वेगळ्या भांड्यात शिंपल्यांचा चुरा असू द्या. या दिवसांत अंड्याची कवचं पातळ होतात, काही तर हातात फुटतात. धापेमुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवचासाठी लागणारं कार्बोनेट तयार होत नाही, हे त्याचं कारण. शिंपल्याने ते पूर्ण भरून निघत नाही. गार सावलीनेच सुधारतं. गवारीची चुरी शेळ्यांना चांगली असली तरी कोंबड्यांना घालू नका, तिच्यातल्या डिंकामुळे त्यांची विष्ठा चिकट होते.

धोक्याची खूण ओळखायला शिका. चोच उघडी, पंख अंगापासून दूर, ही नेहमीची धाप. तुरा फिका किंवा जांभळट पडला, कोंबडी आडवी झाली, मान सैल सोडली की हाताशी फार वेळ नसतो. तिला सावलीत न्या, माठाच्या पाण्याने भरलेल्या बादलीत मानेपर्यंत मिनिटभर बुडवा, पाय ओले ठेवा, मग ओल्या गोणपाटावर बसवा. बर्फाचं पाणी नको. चोचीत जबरदस्तीने पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. शुद्धीवर आल्यावर इलेक्ट्रोलाइटचं पाणी समोर ठेवा, ती स्वतः पिते.

जात निवडताना जड अंगाच्या कोंबड्या टाळा, ब्रॉयलर तर नकोच. उदयपूरच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली प्रतापधन ही राजस्थानच्या परसासाठीच विकसित केलेली जात आहे. मिळाली तर तीच घ्या. उघड्या मानेच्या कोंबड्यांना अंगावर पिसं कमी असतात, त्या उन्हात टिकतात. कडकनाथही चालतो, अंडी कमी देतो.

अंड्यांचंही इथे वेगळं आहे. घरातलं तापमान चाळीशीला टेकलं की कोंबड्याबरोबर असलेल्या कोंबडीचं अंडं बाहेरच उबायला लागतं आणि दोन दिवसांत खराब होतं. दिवसातून तीनदा अंडी गोळा करा. फ्रिजमध्ये जागा नसेल तर पसरट कुंडीत ओली वाळू, त्यावर छोटं मडकं, मडक्यात अंडी आणि वर ओलं फडकं. सावलीत, वाऱ्याच्या तोंडाशी. खायची अंडी यात चार-पाच दिवस चांगली राहतात. खुडुक कोंबडी एप्रिलनंतर अंड्यांवर बसवू नका. पिल्लं काढायचा काळ इथे ऑक्टोबर ते फेब्रुवारी.

उन्हानंतर कोंबडीचा दुसरा शत्रू आहे चपटा गोचीड, आणि त्याच्याबद्दल नव्या लोकांना कुणी सांगत नाही. हा शेळीच्या अंगावर टम्म फुगून दिसणारा गोचीड नव्हे. हा मऊ, चपटा, कलिंगडाच्या बीसारखा, करड्या-तपकिरी रंगाचा असतो. दिवसभर भिंतीच्या भेगांत, लाकडी दांडीच्या सालीखाली दडून राहतो आणि रात्री बाहेर येऊन रक्त पितो. म्हणून दिवसा कोंबडी कितीही उलटसुलट करून बघा, अंगावर एखादी बारीक अळीच सापडेल, मोठा गोचीड दिसत नाही. कोरड्या गरम मुलखात तो फोफावतो आणि रिकाम्या खुराड्यात वर्षभराहून जास्त उपाशी राहू शकतो. तुरा फिका पडणं, पायांत जोर नसणं, हिरवट हगवण, आणि संध्याकाळी कोंबड्यांनी आत शिरायला नकार देणं, या त्याच्या खुणा. शेवटची खूण सर्वांत खात्रीची. रात्री दहा-अकराला टॉर्च घेऊन जा, दांडीच्या सांध्यांवर आणि भिंतीवर उजेड टाका, चालताना दिसतील. जुनं खुराडं वापरणार असाल तर कोंबड्या आणण्याआधीच सगळ्या भेगा चुना-सिमेंटने लिंपून घ्या, गिलावा गुळगुळीत ठेवा. बसायची दांडी भिंतीला न टेकवता दोन खुंट्यांवर ठेवा आणि खुंट्यांचे पाय जळक्या तेलाच्या वाट्यांत उभे करा. औषध फवारायचं तर कोंबड्या बाहेर काढून आणि डॉक्टरांना विचारून. त्यानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत हेही तेव्हाच विचारा.

तर, दोन्ही एकाच गोठ्यात? रात्री नाही. दिवसा आवार एक असायला हरकत नाही, उलट फायदा आहे. कोंबड्या लेंड्यांतल्या माश्यांच्या अळ्या वेचतात, सांडलेलं धान्य संपवतात. पण कोंबडीचं खाद्य शेळीच्या तोंडी लागलं की पोळीसारखंच होतं, पोटात आम्ल, आणि ते खाद्य फोडायला शेळी कुठलीही कडी काढायला शिकते. कोंबड्यांचं खाद्य जाळीच्या आत ठेवा आणि आत जायला करडूही शिरणार नाही इतकी लहान फट ठेवा. शेळ्यांचा चारा टांगत्या जाळीच्या गव्हाणीत, त्यांच्या खांद्याच्या उंचीवर. जमिनीवरच्या चाऱ्यात आणि पाण्यात कोंबड्या हगतात, त्याने करडांना हगवण लागते. शेळ्यांच्या पाण्याचं भांडंही म्हणून उंच ओट्यावर ठेवा.

वाळूत खणणं सोपं असतं, त्यामुळे मुंगूस, कुत्रा, कोल्हा खालून येतात. जाळी अर्ध्या इंचाची घ्या आणि फूटभर जमिनीत गाडून बाहेरच्या बाजूला वळवा. फुरसं इथे भरपूर आहे. अंडी काढायला हात घालण्याआधी आणि रात्री चारा उचलण्याआधी उजेड टाका, पायात बूट असू द्या.

लोक उन्हाळ्याला घाबरतात आणि करडं हिवाळ्यात दगावतात. डिसेंबर-जानेवारीत वाळूचं रान रात्री झपाट्याने गार होतं, उघड्यावर पारा पाच-सहा अंशांखाली जातो. गोठ्याच्या भिंतीला खालचे तीन-चार फूट गोणपाटाने बंद करा, वरून हवा खेळू द्या. पूर्ण बंद केलं तर मुताच्या वाफेने छाती भरते. करडाला जन्मल्यापासून तासाभरात चीक पाजा आणि पहिले पंधरा दिवस रात्री कोरड्या भुशावर, अंगावर गोणपाटाची झूल घालून ठेवा. शेळी पाच महिने गाभण राहते, म्हणून सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला बोकड दाखवला तर करडं फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. थंडी ओसरलेली असते, ऊन चढायचं असतं, आणि लूंग घरात असतो.

लसींचं थोडक्यात. शेळ्यांना पावसाळ्याआधी आंत्रविषाराची दरवर्षी, तीन महिन्यांवरच्या करडांना पीपीआरची, म्हणजे शेळ्यांच्या प्लेगची, एकदा, ती तीन वर्षं पुरते. लाळ्या-खुरकुताची सरकारी मोहीम असते तेव्हा. कोंबड्यांना मानमोडी आणि देवीची. कोंबड्यांच्या लसीची बाटली शंभर कोंबड्यांची असते, म्हणून जवळपासच्या चार-पाच घरांनी एकाच दिवशी करा. लस बर्फाच्या थर्मासमधून आणा आणि सूर्य वर यायच्या आत टोचून मोकळ्या व्हा. दुपारी खिशातून आणलेली लस टोचली काय, न टोचली काय, सारखंच. हिवाळ्यात कुरजा, म्हणजे दूरदेशीचे करकोचे, येतात तेव्हा कोंबड्या तळ्याकाठी सोडू नका. जानेवारी २०२५ मध्ये जैसलमेर भागात मेलेल्या कुरजांत बर्ड फ्लू सापडला होता.

घरमालकाला आणि शेजाऱ्यांना आधी विचारा, हे मला आवर्जून सांगायचं आहे. इथे बरीच घरं कडक शाकाहारी आहेत. शेळीला कुणी हरकत घेत नाही, कोंबडीला घेतात. काही जण अंड्याच्या कवचाला हातही लावत नाहीत. कवचं त्यांच्या दारासमोर दिसणार नाहीत आणि पहाटे कोंबडा आरवणार नाही, एवढं पाळलंत तरी बरेच प्रश्न उरत नाहीत. अंड्यांसाठी कोंबडा लागतही नाही.

राहिली मेची सुट्टी. १० मे ते २० जून या काळात कोंबड्या नवख्या माणसावर सोडून जाऊ नका. खाद्य-पाणी कुणीही घालेल, पण दुपारी दोनला गोणपाट कोरडं पडलंय हे बघायला उठणारा माणूस लागतो. तुमच्या घरात दोघांपैकी एक जण राहू शकत असेल तरच बाराच्या बारा ठेवा. नाहीतर एप्रिलअखेरीला त्या एखाद्या ढाणीवरच्या ओळखीच्या कुटुंबाकडे पोहोचवा, त्या दिवसांतली अंडी त्यांची. तिथे झोपा असतो, झाड असतं आणि घरात दिवसभर कुणीतरी असतं. शेळ्या गुराख्याकडे राहतील, त्याला फक्त तुमचा चारा मोजून द्या, दुभतीचं दूध त्याला ठेवू द्या आणि गाभण शेळी कोणती ते सांगून जा. गावची फेरी दिवाळीला किंवा जुलैमध्ये पहिला पाऊस पडल्यावर केलीत तर यातलं काहीच लागत नाही. आणि पहिल्या वर्षी बाराऐवजी सहाच कोंबड्या आणा. एका उन्हाळ्यात आवाराची सावली दुपारी कुठे सरकते, कोणता नळ तापतो, लू कोणत्या कोपऱ्यातून शिरते हे कळेल, मग ऑक्टोबरात उरलेल्या सहा घ्या.